सल्लागाराचे दार ठोठावा

बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांना प्रा. एडविन सेलिग्मन यांच्यासारखे गुरू लाभले. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील बाबासाहेबांच्या १९२५ सालच्या ग्रंथाला याच सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे.

त्याच विद्यापीठात १९४६ साली आंतरराष्ट्रीय व्यवहारांचे स्कूल सुरू झाले. अशा संस्थांत आज अधिष्ठाता आणि विद्यार्थी-सल्लागार नेमलेले असतात. विषय कोणते घ्यावेत, क्रेडिट कसे पुरे करावेत, अडचण आल्यास मुदत कशी मागावी, हे सांगणे त्यांचे कामच आहे. ज्यांच्या घरात परदेशी शिक्षण पिढीजात आहे, त्यांना हे घरीच कळते. आमच्या पहिल्या पिढीच्या मुलामुलींना कोण सांगणार? 'साहेबांना त्रास कशाला' म्हणून ती गप्प बसतात आणि मागे पडतात. आम्ही स्पष्ट सांगतो, सल्ला हा उपकार नव्हे, विद्यार्थ्याचा हक्क आहे.

पण ज्या सल्लागाराला जातच ठाऊक नाही, त्याला आमच्या विद्यार्थ्याची घुसमट कशी कळणार? अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ साली आणि कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ साली भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला. ही जाण प्रत्येक सल्लागाराच्या टेबलापर्यंत पोहोचली पाहिजे.

शिष्यवृत्तीने विमानाचे तिकीट मिळते, वाट दाखवणारा मिळत नाही. म्हणून परदेशी निघालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला आधी विहारात बोलवा आणि हे सारे समजावून सांगा. रविवारचा एक तास पुरेसा आहे.