भिंतीवरच्या कॅलेंडरात नसलेल्या तारखा

तुमच्या घराच्या भिंतीवर कॅलेंडर असेलच. एकादशी कधी, चतुर्थी कधी, नक्षत्र कधी लागते आणि त्याचे वाहन कोणते, हे सारे त्यात मिळते. कडेच्या कोऱ्या जागेत दुधाचा हिशेब असतो, गाय कधी फळली ती तारीख असते, सोसायटीच्या हप्त्याची आठवण असते. वर्तमानपत्रात रोज ‘दिनविशेष’ येतो. त्यात थोरांच्या जयंत्या आणि पुण्यतिथ्या असतात. पण ज्या जमिनीवर हे सारे घर उभे आहे, तिच्यावरचा तुमचा हक्क कोणत्या दिवशी वाढला आणि कोणत्या दिवशी कमी झाला, हे मात्र कोणत्याच कॅलेंडरात छापलेले नसते.

आज आपण त्या तारखांची ओळख करून घेऊ. त्यातल्या बऱ्याचशा तारखा जून महिन्यातल्या आहेत. जून म्हणजे मृगाचा महिना. शेतकरी चाड्यावर मूठ धरून असतो, त्याला वर बघायला सवड नसते. नेमक्या त्याच दिवसांत राज्यघटनेतली जमिनीची कलमे पुन्हा पुन्हा बदलली आहेत.

आधी एक शब्द समजून घेऊ. राजकारणात ‘डावे’ आणि ‘उजवे’ असे म्हणतात. मोठमोठी साधने सरकारच्या हाती असावीत आणि सरकारने ती सर्वांना वाटावी, असे मानणारे ते डावे. ज्याची मालमत्ता त्याच्याकडे राहावी, सरकारने धंद्यात आणि शेतात फार हात घालू नये, जुनी घडी एका फटक्यात मोडू नये, असे मानणारे ते उजवे. उजवा विचार म्हटला की गिरणीमालक आणि संस्थानिक डोळ्यांपुढे येतात. पण आपल्या देशात या विचाराचा मोठा पक्ष उभा राहिला, तो शेतजमिनीच्या प्रश्नावर. ती हकीकत पुढे येईलच.

१८ जून १९५१

स्वातंत्र्य मिळून चार वर्षे झाली होती. जमीनदारी रद्द करणारे कायदे राज्यांनी केले होते, पण जमीनदार कोर्टात गेले आणि कायदे अडकून पडू लागले. तेव्हा पहिली घटनादुरुस्ती झाली. पहिली सार्वत्रिक निवडणूक अजून व्हायची होती, म्हणजे ही दुरुस्ती तात्पुरत्या संसदेने केली. तिने घटनेला नववे परिशिष्ट जोडले. या परिशिष्टात जो कायदा घातला जाईल, तो मूलभूत हक्कांच्या विरुद्ध आहे म्हणून कोर्टाला रद्द करता येणार नाही, अशी ही तरतूद होती.

सुरुवातीला त्यात १३ कायदे होते. पुढे ही यादी २८४ वर गेली आणि त्यातले बहुतेक कायदे जमिनीचे आहेत. किसानपुत्र आंदोलनाचे लोक म्हणूनच १८ जून हा शेतकऱ्यांचा पारतंत्र्य दिवस म्हणून पाळतात.

१ एप्रिल १९५७

आता नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. त्या पहिल्या १३ कायद्यांत १९४८ चा मुंबई कूळकायदा होता. त्याच कायद्यात पुढे दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवशी जमीन कसणारे कूळ कायद्याने तिचे खरेदीदार मानले गेले. विदर्भ आणि मराठवाड्यासाठी कायदे वेगळे होते, पण दिशा तीच होती.

तुमच्यापैकी अनेकांच्या आज्या-पणज्याच्या नावावर जमीन लागली, ती या कायद्याने. म्हणून नवव्या परिशिष्टाला नुसती नावे ठेवून भागत नाही. ज्या कुऱ्हाडीने एकाची मालकी तोडली, तिनेच दुसऱ्याला मालकी दिली. प्रश्न असा, की काम झाल्यावर कुऱ्हाड खाली ठेवली का? तसे झाले नाही.

जानेवारी १९५९, नागपूर

काँग्रेसचे अधिवेशन नागपूरला भरले. तिथे ठराव झाला, की शेतीचे पुढचे रूप संयुक्त सहकारी शेतीचे असावे. जमिनी एकत्र करायच्या, सर्वांनी मिळून कसायच्या, ज्याची जितकी जमीन तितका त्याला उत्पन्नातला वाटा, आणि राबणाऱ्याला कामाप्रमाणे मोबदला. सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचेच राहील, असे ठरावात होते. पण बांध मोडल्यावर कागदावरच्या नावाचा उपयोग किती, अशी शंका अनेकांना आली.

या ठरावाला काँग्रेसमधूनच विरोध झाला. उत्तर प्रदेशचे चरणसिंग हे जमीनदारी मोडण्याच्या कामातले पुढारी. पण संयुक्त शेती त्यांना पटली नाही. छोटा शेतकरी स्वतःच्या तुकड्यावर जीव तोडून राबतो, सामाईकात तो तसा राबणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याकडचा कोणताही शेतकरी हे समजू शकेल. सामाईक विहिरीतला गाळ काढायचा म्हटले, की काय होते ते तुम्ही जाणताच.

४ जून १९५९, मद्रास

त्याच वर्षी मृगाच्या तोंडावर मद्रासला स्वतंत्र पक्षाची घोषणा झाली. पुढे होते चक्रवर्ती राजगोपालाचारी, म्हणजे राजाजी. स्वतंत्र भारताचे गव्हर्नर जनरलपद भूषवलेल्या आणि १९५४ मध्ये भारतरत्न मिळालेल्या या गृहस्थाने वयाच्या ऐंशीव्या वर्षी नवा पक्ष काढला. पक्षाचे अध्यक्ष झाले आंध्रचे शेतकरी पुढारी एन. जी. रंगा, आणि मुंबईचे मिनू मसानी त्यांच्या जोडीला होते. मसानी तरुणपणी पक्के समाजवादी होते. रशियातला कारभार पाहून त्यांचे मत पालटले.

या पक्षाचे सांगणे थोडक्यात असे होते: शेतकऱ्याची जमीन शेतकऱ्याकडेच राहू द्या, आणि प्रत्येक गोष्टीला सरकारचा परवाना कशाला? राजाजींनी या कारभाराला ‘परमिट-लायसन्स राज्य’ असे नाव दिले, ते पुढे सगळ्यांच्या तोंडी बसले. त्याआधी १९५२ मध्ये मद्रासचे मुख्यमंत्री असताना त्यांनी धान्यावरचे नियंत्रण उठवून दाखवले होते.

तारा ही निशाणी घेऊन हा पक्ष लोकसभेत १९६२ साली १८ जागांवर आणि १९६७ साली ४४ जागांवर निवडून आला. १९६७ मध्ये तो विरोधी पक्षांत सर्वांत मोठा होता. १९७१ मध्ये मात्र तो ८ जागांवर आला आणि १९७४ मध्ये भारतीय लोकदलात विलीन झाला. त्या लोकदलाचे पुढारी होते तेच चरणसिंग.

पक्ष का टिकला नाही? संस्थानिक आणि धनिक मंडळी त्यात भरपूर होती. भूमिहीन मजुराला आणि कोरडवाहूवाल्याला हा आपला पक्ष वाटला नाही. महाराष्ट्रात तर त्याचे पाय कधी रोवलेच नाहीत. पण एक गोष्ट त्याच्या पदरात टाकली पाहिजे. देशात सक्तीची सामुदायिक शेती आली नाही आणि बांध शाबूत राहिले. त्यात या लोकांच्या ओरडण्याचाही वाटा आहे.

२० जून १९६४

ही तारीख आपल्यासाठी फार महत्त्वाची आहे. केरळच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये म्हटले होते, की तिथल्या रयतवारी जमिनीला घटनेतले जमीनदारीचे कलम लागू होत नाही. रयतवारी म्हणजे मध्ये जमीनदार नाही, शेतकरी थेट सरकारला सारा भरतो. आपल्या पश्चिम महाराष्ट्रात हीच पद्धत होती. सतराव्या घटनादुरुस्तीने ती वाट बंद केली. रयतवारी जमीनही त्याच कलमाखाली आली आणि आणखी ४४ कायदे नवव्या परिशिष्टात गेले. महाराष्ट्राचा १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदा त्यांतलाच.

याच दुरुस्तीत शेतकऱ्याच्या बाजूचे एक वाक्यही घातले गेले. कमाल मर्यादेच्या आतली, स्वतः कसत असलेली जमीन सरकारने घेतली, तर बाजारभावापेक्षा कमी मोबदला देता येणार नाही. हे वाक्य ध्यानात ठेवा.

आणखी एक तुलना करून पाहा. शहरातल्या मोकळ्या जमिनीवरही १९७६ मध्ये कमाल मर्यादा आली होती. महाराष्ट्रात ती २००७ मध्ये उठली. शेतजमिनीवरची मात्र कायम आहे. ती असावी की नसावी, यावर दोन मते असू शकतात. पण शहराला एक माप आणि खेड्याला दुसरे, हे का, असे विचारायला काय हरकत आहे?

२० जून १९७९

बरोबर पंधरा वर्षांनी तीच तारीख. चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती या दिवसापासून अमलात आली आणि मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून निघाला. त्याच्या जागी ‘३०० अ’ हे कलम आले: कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही. म्हणजे हक्क राहिला, पण एक पायरी खाली उतरला.

हे कोणी केले? ही दुरुस्ती जनता पक्षाच्या सरकारने आणली. जुना स्वतंत्र पक्ष ज्या लोकदलात विरघळला होता, ते लोकदल याच जनता पक्षात होते! पाटी आणि काम यांचा मेळ नेहमी बसत नाही, तो असा.

९ नोव्हेंबर १९८६, चांदवड

ही तारीख घरातल्या बायांसाठी. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला ९ आणि १० नोव्हेंबरला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले. शरद जोशींच्या या संघटनेने पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली. अनेक शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे करून दिला. याच शरद जोशींनी १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला.

तिला जोडून दुसरी तारीख लिहा: ९ सप्टेंबर २००५. त्या दिवसापासून हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा देशभर मिळाला. महाराष्ट्राने तसा कायदा १९९४ मध्येच केला होता. मालकीचा हक्क पवित्र असे आपण म्हणतो, तर तो लेकीचाही आहे. हक्कसोडपत्रावर तिची सही घेताना हे आठवावे.

१ जानेवारी २०१४ आणि पुढे

इंग्रजांचा १८९४ चा भूसंपादन कायदा जाऊन या दिवशी नवा कायदा लागू झाला. खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के, आणि सरकार व खाजगी भागीदारीच्या कामासाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. ग्रामीण भागात मोबदला बाजारभावाच्या दुप्पट ते चौपट होऊ शकतो. हा कायदा काँग्रेसच्या आघाडी सरकारने केला.

३१ डिसेंबर २०१४ रोजी भाजपच्या सरकारने, ज्याला सारे उजवे म्हणतात, वटहुकूम काढून पाच प्रकारच्या कामांसाठी ही संमतीची अट काढली. शेतकऱ्यांत नाराजी पसरली, विरोध झाला आणि ३१ ऑगस्ट २०१५ रोजी तो वटहुकूम संपला, पुन्हा निघाला नाही. पुन्हा तेच दिसले. पाटी उजवी, पण शेतकऱ्याचा ‘नाही’ म्हणण्याचा हक्क कमी करणारे पाऊल तिनेच टाकले.

अलीकडच्या दोन तारखा दिलासा देणाऱ्या आहेत. १६ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘३०० अ’ कलमात काय काय येते ते उलगडून सांगितले: मालकाला नोटीस, त्याचे म्हणणे ऐकणे, कारणासह निर्णय, काम खरोखर सार्वजनिक असणे, योग्य मोबदला, वेळेत प्रक्रिया आणि शेवटी रीतसर पूर्तता. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात बहुमताने सांगितले, की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती मानता येणार नाही.

आता तुम्ही काय करावे?

एक, या तारखा कॅलेंडरवर लिहा आणि मुलांकडून वाचून घ्या. दोन, दर १८ जूनला सातबारा आणि आठ-अ काढून बघा. नाव, क्षेत्र, इतर हक्कातला बोजा बरोबर आहे का, घरच्या लक्ष्मीचे नाव आहे का, ते पाहा. तीन, संपादनाची नोटीस आली, तर ती कपाटात ठेवू नका. २०१३ च्या कायद्याखाली प्राथमिक अधिसूचनेपासून ६० दिवसांत हरकत घेता येते. राष्ट्रीय महामार्गाचा कायदा वेगळा आहे, तिथे फक्त २१ दिवस मिळतात. पेरणी चालू असली तरी तारीख थांबत नाही.

आणि चौथे, मते मागायला कोणी दारात आला, तर तो डावा की उजवा हे विचारत बसू नका. त्याला विचारा: शेतजमिनीचे कलम सभागृहात येईल त्या दिवशी तू हात कोणत्या बाजूने वर करणार? उत्तर ऐका, आणि तेही त्याच कॅलेंडरवर तारीख घालून लिहून ठेवा.