वाळवण निवडुंगाचं

मागच्या उन्हाळ्यात आपा एक पुडी घेऊन माझ्याकडे आली. आपा म्हणजे माझी थोरली बहीण. बारा वर्षांपासून तिला मधुमेह आहे. पुडीत हिरवट करड्या रंगाची नागफणीची पूड होती आणि वर छापलं होतं, 'ताज्यापेक्षा दहापट अँटिऑक्सिडंट'. आपा म्हणाली, "तू वाचणारा माणूस. हे खरं असेल तर सांग, मी गोळ्या बंद करते."

मी पडलो कवी, तोही बी.ए. झालेला. पण प्रश्न बहिणीचा होता, म्हणून वाचायला बसलो.

नागफणी म्हणजे आपला फड्या निवडुंग. आमच्या लहानपणी सोलापूरच्या आसपास बांधाबांधावर तो असायचा. त्याची लाल बोंडं पोत्यावर घासून कुसळं काढायची आणि खायची. मग जीभ दिवसभर लाल! हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं. मेक्सिकोत त्याच्या कोवळ्या फड्यांची रोज भाजी होते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने काटे नसलेला निवडुंग बाहेरून आणून आपल्याकडे लावून पाहिला.

इथे एक सावधगिरी हवी. त्रिधारी निवडुंग किंवा शेर तोडला की पांढरा चीक येतो. ही झाडं वेगळ्या कुळातली. त्यांचा चीक विषारी असतो, डोळ्यांत गेला तर फार इजा करतो. ती खायची नाहीत.

आता अँटिऑक्सिडंट. हवेतल्या प्राणवायूने लोखंड गंजतं, तशीच झीज आपल्या पेशींचीही होत असते. तिला आवर घालणारी ही द्रव्यं. फड्या निवडुंगात ती मुख्यतः तीन प्रकारची : क जीवनसत्त्व, पॉलिफेनॉल आणि बोंडांना लाल रंग देणारी बीटालेन. बिटाचा आणि तांबड्या राजगिऱ्याचा रंगही बीटालेनचाच.

मग पुडीवरच्या 'दहापट'चं काय? ताज्या फडीत शंभरातले सुमारे 90 भाग पाणीच असतं. म्हणजे एक किलो फड्या वाळवल्या की जेमतेम 100 ग्रॅम ऐवज उरतो. किलोभर फड्यांत होतं तेवढं सगळं टिकलं असतं, तरी ग्रॅमला ग्रॅम लावून ते दहापटच दिसलं असतं. वाळवल्याने गुण वाढत नाही, पाणी उडतं. खजुराची खारीक झाली म्हणून तिच्यात नवी साखर येत नाही, तसंच हे.

उलट वाळवताना काही जातंच. सर्वांत नाजूक क जीवनसत्त्व. उष्णता, हवा आणि उजेड, तिन्ही त्याचे वैरी. बीटालेनही 60 अंशांच्या वरच्या उष्णतेत झपाट्याने विरतं. रंग फिका पडला की समजावं, माल गेला. पॉलिफेनॉल त्या मानाने चिवट. उष्णतेने पेशी फुटल्या की त्यातली काही जास्त मोकळीही होतात. म्हणून एकाच पुडीत एक गोष्ट घटलेली आणि दुसरी वाढलेली सापडू शकते.

वाळवण्याची रीत म्हणूनच महत्त्वाची. फार गरम केलं तर उष्णता खाते. फार रेंगाळलं तर हवा खाते. गोठवून निर्वात जागेत वाळवणं सर्वांत चांगलं, पण ते महागडं. आपल्याकडे बेदाणा करणारे शेतकरी हे मर्म जाणतात. ते द्राक्षं उन्हात पसरत नाहीत. शेडच्या सावलीत, वाहत्या हवेत जाळ्यांवर वाळवतात, म्हणून बेदाण्याचा हिरवा रंग टिकतो. सोलापूरचा उन्हाळा तर कोरडा खणखणीत. घरी फड्या वाळवायच्या तर काटे-कुसळं नीट काढून पातळ चकत्या कराव्यात आणि सावलीत, खाटेवर पातळ कापडाखाली पसराव्यात. तापलेल्या पत्र्यावर नकोत. पूड घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधारात ठेवावी.

आता आपाचा खरा प्रश्न. निवडुंगाच्या बुळबुळीत, तंतुमय भागामुळे जेवणानंतरची साखर हळू चढते, असं काही छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. पण ते श्रेय मुख्यतः त्या तंतूंचं, पुडीवरच्या आकड्याचं नव्हे. शिवाय परीक्षानळीत मोजलेली ताकद रक्तात तशीच उतरेल असंही नाही. गोळीची जागा ही पूड घेऊ शकत नाही. आणि गोळीसोबत घ्यायची झाली, तर साखर एकदम उतरू नये म्हणून डॉक्टरांना आधी सांगावं.

हे सगळं आपाला सांगितलं. ती जरा खट्टू झाली. म्हणाली, "म्हणजे मी पाणी उडवण्याचे पैसे दिले?" मी म्हटलं, "थोडेफार तसंच." पुढच्या तपासणीला ती पुडी घेऊनच दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी वाचली, ठेवून घ्यायला सांगितली, आणि गोळ्या होत्या तशाच चालू ठेवल्या.

पुडी अजून तिच्या फडताळात आहे. गोळ्यांच्या डबीमागे.