लूपचा दोष दुसऱ्या केबलचा नाही

रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याचं नेटवर्क अचानक ठप्प झालं की बहुधा पहिला फोन इंटरनेटवाल्याला जातो आणि मग शंका येते ती व्हायरसची. पण बाहेरची लाइन तुटली तरी गेटवरचं हजेरीचं मशीन, वजनकाट्याचा संगणक आणि ऑफिसातला सर्व्हर यांचं आपसातलं काम चालू राहतं. लूप झाला, म्हणजे केबलचा मार्ग फिरून त्याच स्विचवर आला, की तेही बंद पडतं, आणि स्विचच्या सगळ्या पोर्टचे दिवे एकदमच, न थांबता लुकलुकू लागतात. याचं कारण असं: आयपी पॅकेटवर एक आकडा असतो. प्रत्येक राउटर तो कमी करतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून देतो. इथरनेट फ्रेमला असा आकडाच नाही. त्यामुळे एका केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये खोचली गेली, तर ‘सर्वांसाठी’ म्हणून निघालेली फ्रेम फिरतच राहते आणि प्रत्येक फेरीत बाकीच्या पोर्टवर तिच्या प्रती जातात. १ गिगाबिटच्या लाइनवर सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार लहान फ्रेम जाऊ शकतात. तेव्हा ‘थोडं थांबू, आपोआप सुरळीत होईल’ यात अर्थ नाही. केबल निघेपर्यंत किंवा पोर्ट बंद होईपर्यंत हे वादळ शमत नाही.

यावरून ‘दोन शेडमध्ये केबल एकच ठेवा’ असा धडा घेणारे चुकतात. खोदकामात ती एक तुटली की उत्पादन थांबतं. दौंड जंक्शनवर रूळ अनेक असूनही गाड्या धडकत नाहीत, कारण कोणता मार्ग कधी खुला करायचा हे ठरलेलं असतं. स्विचसाठी ही व्यवस्था रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीत असताना बांधली, तीच स्पॅनिंग ट्री. सगळे स्विच मिळून एकाला मूळ मानतात, ठरावीक निरोप दर २ सेकंदांनी फिरवतात आणि जादा मार्ग अडवून राखीव ठेवतात. तिच्यावर जुना आक्षेप असा, की पीसी जोडल्यावर पोर्ट खुलं व्हायला ३० सेकंद लागतात, म्हणून ती बंदच ठेवलेली बरी. पण २००१ मध्ये तिची जलद आवृत्ती आली, आणि टेबलाकडच्या पोर्टला ‘एज’ म्हणून नेमलं की वाट पाहावी लागत नाही. अर्ध्या मिनिटाच्या कुरकुरीपायी अख्खा कारखाना उघडा ठेवणं हा शुद्ध आळस आहे.

याहून घातक समज म्हणजे ‘स्पॅनिंग ट्री चालू आहे, आता काळजी नाही’. लूप सहसा सर्व्हर रूममध्ये होत नाही. तो टेबलाखालच्या आठ पोर्टच्या स्वस्त स्विचवर होतो. असे काही स्विच स्पॅनिंग ट्रीचे निरोप पुढे जाऊच देत नाहीत, मग मुख्य स्विचला लूप दिसणार कसा? त्यासाठी लूप डिटेक्शन वेगळं चालू करावं लागतं: स्विच स्वतःची एक फ्रेम पाठवतो आणि ती परत आली की ते पोर्ट बंद करतो. जोडीला एज पोर्टवर बीपीडीयू गार्ड हवा, म्हणजे तिथे स्पॅनिंग ट्रीचा निरोप (बीपीडीयू) आला की पोर्ट बंद होतं. अशा फ्रेमच्या संख्येवर मर्यादा घालणारं स्टॉर्म कंट्रोल फक्त पुराची पातळी धरून ठेवतं, भगदाड बुजवत नाही. ‘पोर्ट बंद झालं तर त्या माणसाचं काम अडेल’ ही तक्रार खरी आहे, पण एक टेबल अडणं आणि यंत्रं चालवणारा पीएलसी गोंधळणं यांची तुलनाच होत नाही. अमेरिकेतल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात ऑगस्ट २००६ मध्ये नेटवर्कवरच्या अतिरिक्त वाहतुकीमुळे पंपांचे कंट्रोलर बंद पडले आणि अणुभट्टी हाताने थांबवावी लागली. तिथे लूपच होता असं नव्हे. पण नको त्या फ्रेमचा मारा यंत्रांचं काय करतो, ते त्यातून कळतं.

सगळे स्विच महागडे घेणं लहान युनिटला परवडत नाही, हे मान्य. निदान ज्यांना टेबलाखालचे स्विच जोडले जातात, ते तरी मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणारे, असावेत. त्यांच्या लॉगमध्ये एकच मॅक पत्ता क्षणात ५ नंबरच्या पोर्टवर, क्षणात १२ नंबरवर दिसू लागला की लूपची दिशा कळते. लॉगही उघडत नसेल, तर मुख्य स्विचकडून एकेक अपलिंक काढत जायची. जी काढल्यावर दिवे शांत होतात, दोष तिच्या पलीकडे. आणि साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, मशीन बंद असताना, एका साध्या स्विचवर मुद्दाम लूप करून पाहा. मुख्य स्विचने काही सेकंदांत त्याच्याकडे जाणारं पोर्ट बंद केलं नाही, तर तुमचं संरक्षण फक्त कागदावर आहे.