‘तुला काही जमत नाही’ला उत्तर

बेंगळुरूत १९९९ मध्ये विशाल तलरेजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ड्रीम अ ड्रीम’ ही संस्था सुरू केली. हलाखीत वाढणाऱ्या मुलांना परीक्षेतल्या गुणांपलीकडची जीवनकौशल्ये मिळावीत, म्हणून तिने खेळ आणि कला ही साधने निवडली. चित्र काढायचे, नाटक बसवायचे. पण चित्राला पहिला नंबर द्यायचा नाही. मूल पुढाकार घेते का, भांडण मिटवते का, अडचणीतून वाट काढते का, हे पाहायचे. संस्थेच्या मोजपट्टीत अशी पाच कौशल्ये आहेत.

आत्मसन्मान नुसत्या शाबासकीने वाढत नाही. काहीतरी स्वतः पुरे केल्याचा अनुभव लागतो आणि चुकल्यावरही माणसात धरणारे कोणी लागते.

इथे मार्शल रोझेनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची अहिंसक संवादाची पद्धत उपयोगी पडते. तिच्या पायऱ्या चार: निरीक्षण, भावना, गरज, विनंती. तालमीला उशिरा येणाऱ्या मुलीला ‘तू बेजबाबदारच आहेस’ असे सुनावले, की ती गप्प बसते किंवा उलटून बोलते. त्याऐवजी म्हणता येते, “या आठवड्यात तू दोनदा अर्धा तास उशिरा आलीस. मला काळजी वाटते, कारण प्रयोग वेळेत बसायला हवा. उद्या पाचला येशील का?” बोलणे वागण्याबद्दल होते, मुलीवर शिक्का बसत नाही. तिला नाही म्हणायचीही मुभा असते. नसेल, तर ती विनंती नव्हे, हुकूम.

जीवनकौशल्यांचा हा विचार शाळांपर्यंतही पोहोचला. दिल्ली सरकारने २०१८ मध्ये शाळांत नर्सरी ते आठवीसाठी ‘हॅपिनेस’ अभ्यासक्रम आणला, तेव्हा तो घडवण्यात ‘ड्रीम अ ड्रीम’चाही सहभाग होता.