आवाज नेमका कुठवर आला?

पडद्यावर ओठ आधी हलतात आणि संवाद मागाहून येतो, तेव्हा शिव्या इंटरनेटला बसतात. कधीकधी मात्र दोष साउंड कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरचा असतो. या क्षणी स्पीकरमधून आवाजाचा कोणता नमुना (सॅम्पल) बाहेर पडतोय, हे त्याला नीट सांगता आलेलं नसतं.

बहुतेक व्हिडिओ प्लेअर चित्राला आवाजाच्या घड्याळावर चालवतात. एखादी फ्रेम गाळली तर डोळ्याला पत्ता लागत नाही. आवाजातली खाच मात्र कानाला लगेच टोचते. प्लेअर सेकंदाला ४८,००० नमुने गोलाकार बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, भरतो, साउंड कार्ड मागून उचलत राहतं. मध्ये ४,८०० नमुने शिल्लक असतील, तर उशीर १०० मिलिसेकंदांचा.

पण उचललेला नमुना वाजलेला असतोच असं नाही. यूएसबी स्पीकरसाठी ड्रायव्हर पुढच्या काही मिलिसेकंदांची पाकिटं आधीच रांगेत लावतो. ती तारेतून जायची असतात, तरी बफरमधला काटा पुढे सरकलेला! म्हणून लिनक्सच्या 'अल्सा' या ध्वनियंत्रणेत ड्रायव्हरला हा जादा उशीर वेगळा कळवता येतो. इंटेलच्या एचडी ऑडिओची गंमत आणखी वेगळी. तिथे या काट्याचं स्थान दोन ठिकाणी वाचता येतं: चिपमधल्या रजिस्टरात आणि मेमरीत. काही संगणकांवर यातलं एक चक्क चुकीचं निघालं. शेवटी, विश्वास कोणावर ठेवायचा हे ठरवणारा 'पोझिशन फिक्स' नावाचा पर्यायच ड्रायव्हरमध्ये द्यावा लागला.

ब्लूटूथमध्ये आतला उशीर फक्त हेडफोनलाच ठाऊक. तो फोनला कळवण्याची सोय आहे. हेडफोनने आकडा कमी सांगितला, की प्लेअर फसलाच.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८च्या शिफारशीनुसार आवाज ४५ मिलिसेकंद लवकर आला तरी जाणवतो. उशिराने आला तर १२५पर्यंत खपून जातो. साहजिक आहे. मैदानात लांब बसलेल्याला बॅटचा फटका आधी दिसतो, ऐकू मागाहून येतो. लवकर आलेल्या आवाजाची सवय आपल्याला कुठून असणार?

माझ्या मते, सिनेमापुरता उशीर किती याला फारसं महत्त्व नाही. २०० मिलिसेकंद आहेत हे खरं कळलं, तर प्लेअर चित्रही तेवढंच थांबवतो आणि प्रेक्षकाला गंधही लागत नाही. गेम खेळताना किंवा कीबोर्डवर सूर वाजवताना मात्र या प्रामाणिकपणाचा उपयोग थोडाच. बोट आधीच पडलेलं असतं. तिथे बफरच लहान करावा लागतो, आणि फार लहान केला की आवाज तुटायला लागतो.