जॅक गाडी उचलतो. पण सांभाळतो का?



रस्त्याच्या कडेला मोटार उभी आहे, एक चाक पंक्चर झाले आहे आणि एक सडपातळ माणूस हातातली दांडी फिरवून ती अवजड गाडी हळूहळू वर उचलतो आहे, हे दृश्य तुम्ही पाहिले असेलच. प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या गाडीचे वजन सुमारे ९०० किलो. ही गाडी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केली. सांगलीचे १९४७ साली सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. तिचे उत्पादन कधीच थांबले. पण सातारा-सांगलीकडे एखाद्या अंगणात हौसेने जपलेली पद्मिनी किंवा अँबॅसडर अजून दिसते, आणि तिची बारीकसारीक दुरुस्ती घरीच चालते. अशा वेळी ‘जरा हात लाव’ म्हणून तुम्हालाही हाक येते. ती येण्यापूर्वी जॅकचे शास्त्र समजून घेऊ या.

दांडीतले बळ

स्क्रू जॅकमध्ये एक जाड आट्यांचा दांडा असतो. हँडल एक पूर्ण फेरा फिरले की दांडा एक आटा वर सरकतो. समजा, दोन आट्यांतील अंतर ५ मिलिमीटर आहे आणि हँडलची लांबी २० सेंटिमीटर. एका फेऱ्यात तुमचा हात सुमारे १२५ सेंटिमीटर, म्हणजे १२५० मिलिमीटर फिरतो आणि गाडी मात्र ५ मिलिमीटरच वर जाते. १२५० भागिले ५ म्हणजे २५०. गाडीचा एक कोपरा उचलताना जॅकवर ३०० किलो भार आला, तर हिशेबाने हाताला फक्त १.२ किलोचा जोर पुरायला हवा.

प्रत्यक्षात चार-पाच किलोचा लागतो. कारण निम्म्याहून अधिक कष्ट आट्यांमधले घर्षण खाऊन टाकते. पण या घर्षणाला शिव्या देऊ नका! हँडल सोडल्यावर गाडीच्या भाराने स्क्रू आपोआप उलटा फिरत नाही, तो याच घर्षणामुळे. कष्ट वाया घालवणारे घर्षणच इथे राखणदाराचे काम करते.

बाटलीच्या आकाराचा तेलाचा जॅक पास्कलच्या नियमावर चालतो. लहान दट्ट्याचा व्यास १ सेंटिमीटर आणि मोठ्याचा ४ सेंटिमीटर असेल, तर क्षेत्रफळ १६ पट आणि बळही १६ पट. त्यात हँडलच्या तरफेची भर पडते. परंतु इथे राखणदार कोण? एक छोटी झडप आणि एक रबरी सील. जुन्या जॅकचे रबर कडक होते, तेल नकळत झिरपते आणि गाडी खाली येऊ लागते. तेव्हा तेलाचा जॅक उचलायला उत्तम, धरून ठेवायला भरवशाचा नाही.

सांगलीची माती

काही वर्षांपूर्वी सांगलीत ऐन पावसाळ्यात आमच्या अंगणात मी गाडीचे मागचे चाक काढले होते. जॅक सरळ काळ्या मातीवर ठेवला होता. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाने करू नये अशीच ती चूक. मदतीला आलेल्या मुलाने ड्रमखाली पडलेला नट उचलला, हात मागे घेतला, आणि जॅक कलंडून ड्रम धाडकन जमिनीवर आदळला. हात वाचला तो निव्वळ योगायोगाने.

काय झाले होते? जॅकची बैठक १० सेंटिमीटर लांब आणि तितकीच रुंद, म्हणजे १०० चौरस सेंटिमीटर. भार ३०० किलो. दाब झाला दर चौरस सेंटिमीटरला ३ किलो. आता ४५ किलोचा मुलगा एका पायावर उभा राहिला आणि तळव्याचे क्षेत्रफळ १५० चौरस सेंटिमीटर धरले, तर दाब होतो ०.३ किलो. म्हणजे जॅक त्याच्या दहापट दाबाने माती रेटत होता. जिथे आपली चप्पल रुतते, तिथे जॅक रुतणारच! शिवाय तो सारखा रुतत नाही. एका बाजूला जास्त रुततो आणि तिरपा होतो.

उपाय सोपा आहे. जॅकखाली ३० बाय ४० सेंटिमीटरची जाड, न वाकणारी फळी ठेवली की क्षेत्रफळ १२०० चौरस सेंटिमीटर होते आणि दाब ०.२५ किलोवर येतो. फळी पातळ असेल तर ती मध्येच वाकते आणि हा हिशेब फुकट जातो. आणि ओल्या काळ्या मातीवर फळी असतानाही काम टाळावे; फरशी किंवा कोरडी टणक जमीन गाठावी हे बरे.

साताऱ्याचा उतार

सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेला. तिथे जमीन टणक असते, पण रस्ते चढउताराचे. १५ मीटरला १ मीटर उतार असेल, तर ९०० किलोच्या गाडीला खाली ओढणारे बळ ६० किलोचे असते.

‘पण हँडब्रेक ओढला आहे, गाडी गिअरमध्ये आहे!’ असे तुम्ही म्हणाल. इथेच खरी मेख आहे. या गाड्यांचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो. मागचे एक चाक उचलले की जमिनीला धरून राहणारे ब्रेकचे चाक एकच उरते. गिअरची गोष्ट तर आणखी गमतीची. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरावे लागते, म्हणून दोन मागच्या चाकांच्या मध्ये डिफरन्शियल नावाची दातेरी चाकांची योजना असते. गिअरने मधला दांडा अडवला, तरी एक चाक पुढे आणि दुसरे मागे असे उलटसुलट फिरू शकतात. दोन्ही चाके जमिनीवर असताना असे होणे शक्य नसते. एक चाक अधांतरी झाले, की ते हवेत उलटे फिरते आणि जमिनीवरचे चाक खुशाल घरंगळू लागते!

म्हणून गाडी सपाट जागीच उचलावी, आणि उचलण्यापूर्वी तिरक्या समोरच्या चाकाला पुढून आणि मागून लाकडी पाचर किंवा मोठा दगड घट्ट लावावा.

गाडी थोडी जरी सरकली तरी काय होते ते पाहा. जॅकची उंची ३० सेंटिमीटर आहे आणि गाडी ३ सेंटिमीटर सरकली. जॅक तेवढाच कलला. आता ३०० किलोच्या भारातून सुमारे ३० किलोचे आडवे बळ निर्माण होते, आणि ते जॅकला आणखी कलवते. जितका कलेल तितके बळ वाढते. यालाच अस्थिर समतोल म्हणतात. चाकाचे नट गाडी उचलण्यापूर्वीच थोडे सैल करतात तेही याचसाठी. उचललेल्या गाडीवर पान्ह्याला हिसके देणे म्हणजे तिला आडवे ढकलणेच.

गंजलेला पत्रा

जुन्या गाडीत आणखी एक धोका असतो. दारांखालच्या पट्टीत पावसाचे पाणी आणि चिखल साठून पत्रा आतून गंजतो. वरून रंग मात्र शाबूत दिसतो. अशा जागी जॅक लावला तर तो पत्र्यातून आत घुसतो. तेव्हा गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेली जागा शोधावी, ती हातोडीने हलके ठोकून पाहावी, आणि आवाज बोदा आला तर तिथे जॅक लावू नये.

स्टँड हवाच

१० सेंटिमीटर उंचीवरून वस्तू खाली यायला किती वेळ लागतो? सूत्रात किंमत घाला. उत्तर येते सुमारे ०.१४ सेकंद. डोळ्याने पाहून हात मागे घ्यायला माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात. म्हणजे ‘पडायला लागली की हात काढू’ हे शक्यच नाही!

म्हणून गाडी उचलली की भक्कम जागेखाली रुंद पायांचा लोखंडी स्टँड लावावा आणि जॅक उतरवून भार त्याच्यावर द्यावा. विटांचा किंवा पोकळ सिमेंटच्या ठोकळ्यांचा ढीग चालत नाही. लोखंड वाकण्याची सूचना देते. वीट ठिसूळ असते, ती एका टोकावर भार आला की सूचना न देता फुटते. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली अंगाचा कोणताही भाग घालू नये, अगदी नट उचलण्यापुरताही नाही.

करून पाहा

घरातल्या जॅकचे दोन आट्यांमधले अंतर आणि हँडलची लांबी पट्टीने मोजा व तो बळ किती पट वाढवतो ते काढा. बैठकीची लांबी-रुंदी मोजून तिचा दाब आणि तुमच्या तळव्याचा दाब यांची तुलना करा. एवढ्यासाठी गाडी उचलण्याची गरज नाही. ते काम घरच्या मोठ्या माणसांचे. पण त्यांनी हाक मारली, की पान्हा हातात देण्यापूर्वी त्यांना एवढेच विचारा : “चाकाला दगड लावलाय का? आणि स्टँड कुठे आहे?”