घाटाखालचं निदान

भोर तालुक्यातलं आंबवडं सोडून टिटेघर, कोर्ले मागे पडलं की रस्ता रायरेश्वर आणि केंजळगड यांच्या मधल्या खिंडीकडे चढू लागतो. चढ असा, की माणसांनी भरलेली गाडी पहिल्या गिअरशिवाय वर सरकत नाही. सुट्टीच्या दिवशी इथे एक दृश्य हमखास दिसतं. कडेला घेतलेली गाडी, उघडं बॉनेट, आतून निघणारी वाफ आणि पिण्याच्या बाटलीतलं गार पाणी इंजिनावर ओतणारा घाबराघुबरा चालक. या गाड्यांचं पुढे काय होतं, ते बघायला मी आंबवड्यातल्या एका गॅरेजात जाऊन बसू लागले.

आंबवड्याला लोक येतात ते नागेश्वराच्या दर्शनाला, संस्थानकाळातला 1936 सालचा झुलता पूल बघायला, कान्होजी जेधे आणि जिवा महाला यांच्या समाध्यांपुढे हात जोडायला. रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडकडे बघायचं कारण तेव्हाच पडतं, जेव्हा गाडी बोलायची बंद होते. शेडमध्ये शिरलं की आधी वास येतो. ऑइलचा, रबराचा आणि त्या सगळ्यांवर तरंगणारा तापलेल्या कूलंटचा गोडसर वास. हा वास मला घरी गेल्यावरही आठवत राहायचा.

गॅरेजचे मिस्त्री चाळिशीतले. पुण्यात नाना पेठेच्या आसपास गॅरेजांत काम शिकले आणि मग गावी परतले. बोलणं कमी, ऐकणं जास्त. गाडी आली की ते लगेच बॉनेट उघडत नाहीत. आधी विचारतात, कधी होतं? चढावर का सपाटीवर? गार असताना का तापल्यावर? एसी चालू होता का? डॉक्टर जशी नाडी धरण्याआधी चौकशी करतो, तशी ही चौकशी चालते. तिच्यातच निम्मं काम होऊन जातं, असं माझं मत झालं आहे.

एके सकाळी एक आबा दुधाचा जुना पिकअप घेऊन आले. कॅन खाली करून सरळ इकडेच. चेहऱ्यावर वैताग. गाडीचा तापमानाचा काटा रात्री लालच्या जवळ जातो, म्हणून कुणीतरी कूलंटचा सेन्सर बदलायला लावला. फरक नाही. दिवे मंद झाले, म्हणून बॅटरी नवी घातली. तरीही तेच. “आता इंजिन खोलायचं म्हणत्यात,” आबा म्हणाले. दूध घालून महिन्याला हातात किती उरतं, ते त्यांना तोंडपाठ होतं. इंजिन खोलायचं म्हणजे काय, हे त्यांना कुणी वेगळं सांगायला नको होतं.

मिस्त्रींनी स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला. इंजिन चालू केलं, तापू दिलं. स्कॅनरवर पाण्याचं तापमान 89 अंश. काटाही मध्यावर. मग ते म्हणाले, “आबा, हेडलाइट लावा.”

काटा झपकन वर गेला. स्कॅनरवरचा आकडा मात्र 89 वरून हलला नाही.

“बंद करा.” काटा खाली.

“आबा, पाणी एका सेकंदात तापतं आन् एका सेकंदात गार व्हतं का?”

आबा काही बोलले नाहीत. मीही नाही. पुढे शेडमध्ये कितीतरी गाड्या पाहिल्या, पण तो वर-खाली झालेला काटा आणि तो साधा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. या कामातलं शहाणपण त्या एका प्रश्नात आलं आहे. जे दिसतंय ते घडणं शक्य आहे का, हे आधी विचारायचं.

त्या गाडीत पाण्याचं तापमान मोजणारे दोन सेन्सर होते. एक दोन वायरींचा, तो इंजिनाच्या कॉम्प्युटरला खबर देतो. दुसरा एका वायरीचा, फक्त डॅशबोर्डवरच्या काट्यासाठी. या एका वायरीच्या सेन्सरचा परतीचा रस्ता इंजिनाच्या लोखंडातून जातो, आणि काट्याच्या मीटरचा बॉडीच्या पत्र्यातून. दोन्ही रस्ते शेवटी बॅटरीच्या मायनसला मिळाले पाहिजेत. बॉडीकडचा रस्ता खराब झाला, तर हेडलाइटचा मोठा करंट तिथे तुंबतो आणि काटा खोटं दाखवू लागतो. पाणी तापलेलंच नसतं.

मिस्त्रींनी मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर ठेवली, दुसरी बॉडीच्या पत्र्यावर. हेडलाइट चालू. मीटरवर 1.1 व्होल्ट.

“किती पाहिजे?” मी विचारलं.

“पॉइंट दोन. त्याच्या आत असलं तर ठीक. वर गेलं की तिथंच दुखणं.”

बॅटरीच्या ट्रेखाली अर्थिंगची पट्टी बॉडीला बोल्टने आवळलेली होती. बोल्ट काढला तेव्हा खाली पांढरी-हिरवी भुकटी निघाली. या भागात पावसाळा चार महिने ठाण मांडून असतो आणि बॅटरीतून उडणारं आम्ल त्यात भर घालतं. मिस्त्रींनी पट्टीचं टोक आणि त्याखालचा पत्रा पॉलिश पेपरने उजळेपर्यंत घासला, बोल्ट घट्ट आवळला, वरून ग्रीस लावलं. मीटर पुन्हा लावला, 0.08 व्होल्ट. हेडलाइट लख्ख. काटा जागचा हलला नाही.

सेन्सर चांगला होता, बॅटरी चांगली होती, इंजिन चांगलं होतं. आबांचे पैसे दोन चांगल्या वस्तू बदलण्यात गेले होते, कारण कुणी पॉइंट दोन मोजलं नव्हतं.

चार्जिंगच्या तक्रारींचंही बहुतेक असंच असतं. मिस्त्रींची पद्धत ठरलेली. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते, 12 च्या आसपास आली तर ती रिकामी झाली म्हणायची. स्टार्टर मारताना साडेनऊच्या खाली घसरता कामा नये. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5. बॅटरीवर कमी आलं, तर लगेच अल्टरनेटर उतरवायचा नाही. आधी अल्टरनेटरच्या पाठीमागच्या बोल्टवर मोजायचं. तिथे चौदाच्या वर आणि बॅटरीवर तेरा असेल, तर वीज तयार होतेय, पण वाटेत कुठेतरी गळतेय. मग प्लसची वायर एकदा, मायनसची एकदा. पुन्हा तोच आकडा, पॉइंट दोन. अल्टरनेटरचे कार्बन झिजलेले असतात, डायोड जातात, बेल्ट सैल होऊन घसरतो, हे सगळं खरं. पण ते मोजून सिद्ध झाल्यावर.

सेन्सरची एक तपासणी मी अगदी जवळून पाहिली. एका छोट्या कारचा रेडिएटरचा पंखा किल्ली फिरवली की सुरू व्हायचा आणि थांबायचाच नाही. स्कॅनरवर कूलंट सेन्सरचा कोड, आणि तापमान उणे 40. भोर तालुक्यात उणे 40 कधी असणार? हा सेन्सर म्हणजे तापलं की विजेला विरोध कमी करणारी गोळी असते. खोलीच्या तापमानाला साधारण दोन-अडीच हजार ओहम, 80 अंशांना तीनशेच्या आसपास. वायर तुटली तर विरोध अमर्याद होतो, आणि कॉम्प्युटरला वाटतं बाहेर कडाक्याची थंडी आहे. नवा कॉम्प्युटर इतका शहाणा, की हे मोजमाप खोटं आहे हे ओळखून इंजिन वाचवायला पंखा सतत चालू ठेवतो.

मिस्त्रींनी सेन्सरचा कपलर काढला आणि वायरीच्या बारीक तुकड्याने त्याची दोन टोकं जोडली. वायरिंग धड असेल तर स्कॅनरवरचं तापमान उणे 40 वरून एकदम शंभराच्या पुढे उडी मारायला हवं. आकडा जागेवर. म्हणजे सेन्सरवर आळ घ्यायचं कारण नाही, वायर बघायची. ते बोटांनी वायरिंगचा जुडगा चाचपत मागे मागे गेले. एके ठिकाणी वायर बाहेरून धड दिसत होती, पण वाकवली की नको तितकी मऊ लागायची. आवरण चिरलं तर आतलं तांबं हिरवं होऊन तुटलेलं. चार बोटं वायर बदलली, सोल्डर केली, कोड पुसला. पंखा बंद.

भारतात गाड्यांमध्ये ही स्वतःची तक्रार स्वतः नोंदवण्याची सोय 2010 पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची होत गेली. 1 एप्रिल 2020 पासून बीएस 6 आल्यावर सेन्सरांची संख्या आणखी वाढली. स्कॅनरही स्वस्त झाला, मोबाइलला जोडायचा छोटा स्कॅनर कुणीही घेऊ शकतं. यातून एक घातक समज पसरला आहे. कोड वाचला म्हणजे रोग कळला. कोड एवढंच सांगतो, की अमुक वायरीवरून येणारा आकडा पटत नाही. तो का पटत नाही, हे माणसानेच शोधायचं असतं. कोड वाचून पार्ट बदलत सुटणं हे निदान नव्हे, गिऱ्हाइकाच्या पैशांनी केलेला अंदाज आहे.

आता खरोखर तापलेल्या गाड्या. चार हजार फुटांवर उघडं पाणी शंभर नव्हे, 96 अंशांच्या सुमारास उकळतं. इंजिन तर नव्वदच्या घरातच चालतं. तरी पाणी उकळत नाही, कारण रेडिएटरची कॅप साधारण एक बार दाब धरून ठेवते आणि कूलंटसह उकळण्याचा बिंदू 120 च्या पलीकडे नेते. त्या कॅपचं रबर कडक झालं की दाब निसटतो आणि गाडी घाटात उकळते. म्हणून मिस्त्री सगळ्यात आधी कॅप बघतात. मग रेडिएटरच्या जाळ्या. हा भाताचा मुलूख आहे. भाताचं तूस, चिखल, किडे जाळ्यांत बसून वारा अडवतात. चढावर गाडी हळू चालते, समोरून वारा नाही, सगळा भार पंख्यावर, आणि पंख्याला हवा ओढायला जागा नाही. मिस्त्री पंख्याच्या बाजूने हलक्या धारेने पाणी मारतात, जोराने मारलं तर जाळ्या दुमडतात. कोपऱ्यांतलं तूस जुन्या टूथब्रशने काढतात.

इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणाऱ्या थर्मोस्टॅट व्हॉल्व्हबद्दल ते चिडून बोलतात. आपल्याकडे गरम हवा, तो हवाच कशाला, असं म्हणून अनेक जण तो काढून टाकतात. त्यांनी मला एक व्हॉल्व्ह पातेल्यातल्या पाण्यात टाकून दाखवला. शेगडी पेटवली, थर्मामीटर बुडवला. सत्तर, पंच्याहत्तर, काही नाही. 82 ला आतलं मेण वितळून फुगू लागलं आणि झाकण केसभर उघडलं. नव्वदच्या पुढे पूर्ण उघडं. हा काढला की इंजिन हव्या तितकं तापतच नाही, कॉम्प्युटर इंजिन गार समजून जास्त इंधन सोडतो, ॲव्हरेज पडतं. काही इंजिनांत तर पाणी रेडिएटरकडे न जाता आतल्या आत फिरतं, आणि गाडी घाटात उलट लवकर तापते.

काढलेलं जुनं कूलंट ते कधी जमिनीवर ओतत नाहीत. ते गोड असतं आणि विषारी. कुत्रं किंवा वासरू चाटून मरू शकतं. एका डब्यात भरून, झाकण लावून उंच फळीवर ठेवतात. नव्या कूलंटमध्ये विहिरीचं किंवा बोअरचं पाणीही घालत नाहीत, कारण त्यातला क्षार इंजिनाच्या आतल्या वाटांत साचतो.

एवढं सगळं पाहिल्यावर मला खटकली ती पैशांची गोष्ट. त्या छोट्या कारच्या मालकाने विचारलं, “काय बदललं?” मिस्त्री म्हणाले, “थोडी वायर.” “मग एवढे कशाचे?” दीड तास गेला होता. त्याऐवजी पंधरा मिनिटांत नवा सेन्सर बसवून पावती हातात ठेवली असती, तर त्याने न बोलता दुप्पट दिले असते. आणि दोष तसाच राहिला असता. आपण वस्तूला पैसे देतो, डोक्याला देत नाही. म्हणून गॅरेजवाले वस्तू विकायला शिकतात. यात सगळा दोष त्यांचा नाही.

घाटात जाणाऱ्यांना मिस्त्रींच्या अनुभवातून एवढंच सांगते. काटा चढू लागला की एसी बंद करा, हीटर पूर्ण सुरू करा, जागा मिळताच थांबा. तापलेल्या रेडिएटरची कॅप उघडू नका, अंगावर उकळतं पाणी उडतं. गरम इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेड वाकतं. अर्धा तास थांबा. आणि गाडी गॅरेजात नेल्यावर काय बदललं, हे विचारण्याआधी काय काय मोजलं, ते विचारा. जो मिस्त्री त्याचं उत्तर आकड्यांत देईल, त्याला त्याच्या तपासणीचे पैसे कुरकुर न करता द्या.